आठ बाया, एक माईक, एकच इको

१९ नोव्हेंबर. सकाळी गारठा, तुरीवर धुकं. अकरानंतर ऊन तापलं. लाईट नाही.

लाईट नसली की आमच्याकडं किस्से साचतात. लाईट असली की कॉम्प्युटर चालू, माईक चालू, तोंडं बंद. ती गेली की सगळे जिन्यात येऊन बसतात आणि कुणीतरी सुरू करतो, "त्या दिवशी काय झालं सांगू का?" काय झालं ते सगळ्यांनाच ठाऊक असतं. तरी सांगतो आणि तरी ऐकतात. पूर्वी सांगणारा आणि ऐकणारे बरोबर हसायचे. आता सांगणारा एकटाच हसतो, बाकीचे चपला बघत बसतात.

आमच्याकडं म्हणजे लोहाऱ्यात, खताच्या दुकानावरची एक खोली. भिंतींना जुन्या गाद्या ठोकलेल्या, खिडकी विटांनी बुजवलेली. खाली पोती उतरायला लागली की वर रेकॉर्डिंग थांबवायचं. दुकान विलासरावांचं, खोली विलासरावांची, कॉम्प्युटरही त्यांचाच. तो चालवायचं काम माझं. आधी मी मांडवात भोंगे बांधायचो. कॉम्प्युटर मोबाईलवर व्हिडिओ बघत बघत शिकलो. इथं देवीची गाणी होतात, वाढदिवसाच्या जाहिराती होतात, निवडणूक आली की प्रचाराच्या गाड्यांची गाणी होतात.

आमचं सॉफ्टवेअर सगळ्यात स्वस्तातलं होतं. त्यात प्रत्येक आवाजाला स्वतःची रांग, म्हणजे ट्रॅक, मिळायची, पण सगळ्या रांगांना मिळून इको एकच! तो देवळासारखा केला की सगळे देवळात, विहिरीसारखा केला की सगळे विहिरीत. कुणाला जास्त द्यायचा, कुणाला कमी, एवढंच हातात. आणि तो मध्येच चालू-बंद करता यायचा नाही. गाणं सुरू झालं की संपेपर्यंत जसा आहे तसा.

संबळ वाजवणाऱ्या नागनाथला हे लगेच कळलं. नागनाथ सास्तूरचा, शेती करतो आणि नवरात्रात संबळ गळ्यात अडकवतो. म्हणाला, "म्हंजी मोटर एक, पाईप एक. ज्याच्या रानातला कॉक जास्त उघडला त्याला जास्त पानी. पर पानी सगळ्यायला तेच."

विलासरावांना हे शेवटपर्यंत कळलं नाही. त्यांचं म्हणणं एकच, "कॉम्प्युटर आहे ना? मग का होत नाही?"

* * *

एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाची जाहिरात होती. नाव लिहीत नाही, आबासाहेब म्हणू. स्वतः आले, चार कार्यकर्ते घेऊन आले.

म्हणाले, "बाकी सगळं साधं बोला. फक्त माझ्या नावाला इको द्या. डोंगरावरून आल्यासारखा."

मी सांगितलं, "आबासाहेब, सगळी जाहिरात सलग एकाच रांगेत आहे, नावापुरता इको देता येत नाही. दिला तर सगळ्या जाहिरातीला बसेल. स्थळ, वेळ, जेवणाची सोय, सगळंच डोंगरावरून येईल."

आबासाहेबांनी विलासरावांकडं बघितलं. विलासरावांनी माझ्याकडं बघितलं. मग त्यांना सुचलं, "अहो, माणसं आहेत की चार!"

एक कार्यकर्ता माईकसमोर उभा केला. दुसरा दारात, तिसरा जिन्याच्या मधोमध, चौथा पार खाली पोत्यांजवळ. एकानं नाव घ्यायचं, ते संपायच्या आत दुसऱ्यानं, मग तिसऱ्यानं, मग चौथ्यानं. "आबासाहेब!" "आबासाहेब!" "आबासाहेब!" "आबासाहेब!" इतका झकास इको आमच्या सॉफ्टवेअरनं कधी दिला नव्हता.

आबासाहेबांनी डोळे मिटून ऐकलं. परत लावायला सांगितलं. तिसऱ्यांदा ऐकून डोळे उघडले.

"चौथा कोण होता?"

"मी होतो, आबा."

"तुझ्यात जोर नव्हता."

"आबा, मी खाली होतो. चौथा आवाज कमीच यायला पाहिजे ना."

"कमी आला त्याचं काही नाही. मनातून आला नाही."

पुढच्या महिन्यात तालुक्याची कार्यकारिणी जाहीर झाली. पहिल्या तिघांची नावं तिच्यात होती.

* * *

सुलाबाई माकणीच्या. त्यांचा देवीची पदं म्हणणारा आराधी मेळा आहे. सुलाबाई पुढं म्हणतात, सात जणी मागं झेलतात; आठ बाया. गळ्यात कवड्यांच्या माळा, हातात परडी. सुलाबाईंचा आवाज जाड, जरा खरबरीत. पण उघड्यावर म्हणायला लागल्या की रस्त्यावरची मोटारसायकल थांबते.

पूर्वी नवरात्रात या मेळ्याला रोज एका गावाचं बोलावणं असायचं. आता लोक मोबाईलवर गाणं ऐकतात आणि ज्याचं गाणं ऐकलं त्यालाच बोलावतात. माकणीचं गाणं मोबाईलवर नाही, म्हणून माकणीचा मेळाही कुणाच्या ध्यानात नाही. गेल्या वर्षीच्या नवरात्रात त्यांना दोनच गावं होती आणि त्यातलं एक माकणीच!

म्हणून सुलाबाई स्वतः बांधलेलं एक पद घेऊन आमच्याकडं आल्या. उंबऱ्यातच मला म्हणाल्या, "दत्ताभाऊ, माजा आवाज माज्या गळ्यागत आला पायजे आन बायांचा बायांगत. ऐकनाऱ्यानं म्हनलं पायजे, ह्या माकनीच्या बाया, ह्यायलाच बोलवा. बाकी मला कायबी नको."

विलासराव खुर्चीतूनच म्हणाले, "होईल ताई, होईल."

आमच्याकडं चांगला माईक एकच. मी म्हटलं, एकेकीनं म्हणा, म्हणजे प्रत्येकीला वेगळी रांग देता येईल. कमलबाई मेळ्यात सगळ्यात थोरल्या. त्या माईकसमोर एकट्या उभ्या राहिल्या आणि गप्प झाल्या. म्हणाल्या, "एकटीनं म्हनायचं म्हनलं की पदच आठवंना बाई. सुलीच्या तोंडाकडं बगितल्याबिगर येतच न्हाय."

शेवटी आठही जणी एका माईकभोवती गोल उभ्या केल्या. सगळ्यांची मिळून रांग एकच.

पहिलाच टेक. पदाच्या मागं सारखं कट् कट् कट्. मी वायरी तपासल्या, माईक हलवून बघितला. मग कळलं, कवड्या! श्वास घेतला की माळ हलायची आणि प्रत्येक कवडी इकोत जाऊन दुप्पट होऊन परत यायची.

विलासराव म्हणाले, "ताई, माळ जरा काढून ठेवा."

सुलाबाई म्हणाल्या, "माळ काढली की म्या घरची सुली झाले. घरची सुली पद म्हनत न्हाय, भाकरी करती."

माळा राहिल्या. मग विलासरावांनी दुसरं काढलं. आवाज आपोआप सुरात आणणारा एक इफेक्ट असतो, तो सुलाबाईंना लावायचा. मी सांगितलं, रांग एकच आहे, लावला तर आठही जणींना लागेल, कवड्यांनाही लागेल. "लाव तर खरं," म्हणाले. लावला. सुलाबाईंच्या आवाजातला खरबरीतपणा गेला, मागच्या सात जणींची एकच बाई झाली आणि कवड्या टिंग टिंग टिंग सुरात वाजायला लागल्या! कमलबाई हसून हसून भिंतीच्या गादीला टेकल्या.

सुलाबाई तेवढ्या हसल्या नाहीत. पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मालक, कवड्याबी सुरात आल्या. आता आमी कशाला लागताव?"

* * *

नागनाथचं एक म्हणणं होतं. "देवी येती तवा आदी लांबून संबळ ऐकू येतो, मंग ती दिसती. माजा संबळ डोंगरापल्याडून आला पायजे आन सुलाबाई म्होरं बसलेल्या पायजेत."

बायांना विलासरावांनी देवळाचा इको धरून ठेवलेला. संबळाला डोंगराचा हवा. इको एकच! देवळातच संबळ बसवला तर तो पार बायांच्या मांडीवर येऊन बसायचा.

मग नागनाथला टाकी आठवली. एका गावात, गावाचं नाव लिहीत नाही, पाण्याची उंच टाकी बांधून झाली होती. पाणी आलं नव्हतं. आम्ही शिडीनं वर चढलो, झाकणातून नागनाथ संबळ घेऊन आत उतरला, मी रेकॉर्डर घेऊन वरच्या पायरीवर बसलो. नागनाथनं एक थाप दिली. ती थाप टाकीभर गोल फिरली आणि त्याच्याच पाठीवर येऊन पडली. असा आवाज मी कुठल्याही मशीनमध्ये ऐकला नव्हता. त्यानं जीव तोडून वाजवलं.

वाजवून थांबलो आणि खाली बघतो तर बायका जमलेल्या. घागरी, हंडे, एकीकडं तर टब!

एक म्हातारी वर तोंड करून ओरडली, "पानी आलं का रं?"

आतून नागनाथ ओरडला, "न्हाय मावशी, संबळ हाय!"

"आरं मंग घागरीत काय संबळ भरू का?"

तेवढ्यात मोटारसायकलवरून सरपंच आले. तेही खालूनच ओरडले, "कुणाच्या परवानगीनं आत गेलाव? उद्घाटन व्हायचंय अजून टाकीचं! भाईर ये आदी!"

नागनाथनं झाकणातून नुसतं डोकं वर काढलं. म्हणाला, "सरपंच, तुमी पानी सोडा, म्या लगीच भाईर येतो."

त्या टाकीत आम्ही पुढं आणखी तीन गाण्यांचा संबळ केला. कुणी अडवलं नाही. टाकी अजून कोरडी आहे.

* * *

सॉफ्टवेअरला काय येत नाही हे मी विलासरावांना इतक्यांदा सांगितलं की शेवटी त्यांना ते आवडायला लागलं.

निवृत्त झालेले एक गुरुजी अभंग म्हणायला यायचे. गुरुजी माणूस सोन्यासारखा, सूर मात्र पाटीवरून पुसल्यासारखा. त्यांचा अभंग रेकॉर्ड होऊन पडून होता. गुरुजींनी विचारलं, "विलासराव, माझा कधी सोडताय?" विलासराव गंभीर चेहरा करून म्हणाले, "गुरुजी, तुमचा आवाज मोठा आहे. आमच्या मशीनला झेपत नाही."

गुरुजी खुश होऊन गेले! गावात सांगत फिरले.

तिथून विलासरावांना किल्ली सापडली. कुणाला गाणं लवकर पाहिजे, मशीनला झेपत नाही. कुणाला आपल्या मुलाचा आवाज मध्ये घालायचाय, मशीनला झेपत नाही. खालच्या दुकानात एकदा एका शेतकऱ्यानं खताचं पोतं उधार मागितलं, तर तिथंही तोंडातून निघालं, "मशीनला झेपत नाही." तो माणूस काउंटरवर मशीन शोधायला लागला.

मग सुलाबाईंनी सांगितलं, की गाण्याच्या व्हिडिओत आठही बायांची नावं यावीत. मागं म्हणणाऱ्या सात जणींची नावं कुणी कधी लिहिली नाहीत, एकदा लिहा.

विलासराव म्हणाले, "ताई, एवढी नावं मशीनला झेपत नाहीत."

नावांचा आणि इकोचा काय संबंध? नावं तर मी मोबाईलवर टाकली असती. मी तोंड उघडणार, तेवढ्यात सुलाबाईच म्हणाल्या, "मशीन म्हनलं व्हय तसं? मंग मला त्याच्याशीच बोलू द्या की. मदी तुमी कशाला?"

* * *

सुलाबाईंचं पद अजून सोडायचं राहिलं होतं, तेवढ्यात नवीन सॉफ्टवेअर आलं. विलासरावांनी सोलापुरातून एक मिक्सिंगवाला आणला, प्रथमेश. वयानं लहान, बोलायला गोड, गळ्यात कायम हेडफोन. त्यानं पेढे वाटले आणि सांगितलं, "आता कुठलाही आवाज कुठंही पाठवता येतो. पाहिजे तेवढे इको. एक इको दुसऱ्या इकोत सोडता येतो. अडचणच नाही."

नागनाथ म्हणाला, "म्हंजी घरटी मोटर, घरटी इहीर!"

प्रथमेशनं त्याला खास ऐकवलं. टाकीसारखा आवाज करणारा तयार इफेक्ट होता, त्यातून संबळ सोडला. नागनाथनं कान देऊन ऐकलं आणि मान हलवली. "ह्या टाकीत पानी हाय."

आम्हाला वाटलं होतं आता काम पळेल. झालं उलटंच. पूर्वी सकाळी पद सुरू केलं की पोती उतरायच्या वेळेपर्यंत गाणं तयार. निवडायला काही नव्हतंच, तर निवडणार काय? आता इकोची यादी उघडली की संपायचीच नाही. परदेशातली चर्चं, बोगदे, नाटकगृहं, कुठल्या कुठल्या राजवाड्यांचे जिने. एक लावला की वाटायचं, आधीचा बरा होता. आधीचा लावला की वाटायचं, पुढं अजून चांगला असेल. सुलाबाई एकदा येऊन बसल्या. मी एका चर्चमधून त्यांचं पद ऐकवत होतो. विचारलं, "हे कुठलं देऊळ?" मी सांगितलं. म्हणाल्या, "भाऊ, इतक्या लांब जाऊन आमची आई तिथं काय करल? तिला कोन वळखतंय तिथं?"

पद पुरं होईना. आधी अडवणारं मशीन होतं. आता कुणीच अडवत नव्हतं, म्हणून कुठं थांबायचं तेही कळत नव्हतं. नवरात्र जवळ येत चाललं. माकणीहून निरोपावर निरोप, "झालं का वो?"

विलासराव मात्र खुश. येईल त्याला सांगायचे, "आता आपल्या मशीनला सगळं जमतं!"

मी म्हटलं, "मग आठ नावं घालू का?"

म्हणाले, "ते बघू."

* * *

आता शेवटचा. हा जिन्यात कुणी काढत नाही. लाईट कितीही वेळ गेली तरी काढत नाही.

विलासरावांनी लातूरची एक मुलगी आणली. आवाज बारीक, स्वच्छ, मोबाईलवर तिला ऐकणारे भरपूर. मुलगी वाईट नव्हती. आली, हेडफोन घातला, सुलाबाईंचं पद ऐकत ऐकत दोन तासांत म्हणून गेली. जाताना मला नमस्कारही केला.

त्याआधी विलासरावांनी माकणीला फोन लावला होता. मी शेजारीच होतो. फोन मोठ्या आवाजावर ठेवलेला.

"ताई, एका मुलीचा आवाज थोडा मिसळायचाय. गाणं उठून दिसेल."

सुलाबाई म्हणाल्या, "मिसळा की. पर माजा ऱ्हाऊ द्या."

"राहणार ताई! आता सगळं राहतं."

प्रथमेशनं दोन दिवस दार लावून मिक्सिंग केलं. मी विलासरावांना एवढंच म्हटलं, "सोडायच्या आधी बायांना ऐकवा." ते म्हणाले, "ऐकवू की. लपवायचंय काय त्यात?" आणि खरंच बोलावलं.

घटस्थापनेच्या दोन दिवस आधी दुपारी आठही जणी जीपमधून आल्या. नवी लुगडी, माळा, परड्या. कमलबाईंनी नागनाथसाठी फडक्यात बांधून धपाटे आणले होते. खोलीत जागा नव्हती, चौघी खाली बसल्या, चौघी उभ्या. प्रथमेशनं गाणं लावलं.

आधी संबळ आला, लांबून. नागनाथनं माझ्याकडं बघितलं. मग लातूरची मुलगी आली, अगदी कानाजवळ. शब्द सुलाबाईंचे, चाल सुलाबाईंची. आणि तिच्या मागं, पार लांब, एखाद्या मोठ्या पोकळीतून आल्यासारखा, जाडा, खरबरीत, पसरलेला एक आवाज. शब्द कळत नव्हते. त्याच्याही मागं कवड्या.

बाया एकमेकींकडं बघायला लागल्या. कमलबाई पुढं झुकल्या आणि म्हणाल्या, "सुले, मागं ती तू हाईस की गं."

विलासराव आनंदानं म्हणाले, "बरोबर ओळखलं! ताईच आहेत. इको ताईंचाच घेतलाय, दुसऱ्या कुणाचा घेतला नाही. तुमचा सगळा मेळा आहे त्यात."

सुलाबाईंनी विचारलं, "आन म्या कुटं हाय?"

प्रथमेशनं स्क्रीनवर बोट ठेवलं. "हे बघा ना मावशी, ही तुमची आठही जणींची रांग. हिरवं वरखाली नाचतंय, दिसतंय? म्हणजे तुमचा आवाज येतोय."

"येतोय तर मंग ऐकू का येत न्हाय?"

"ही खालची दांडी शून्यावर आहे ना, म्हणून. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये दांडी खाली केली की इकोही जायचा. आता तसं नाही. दांडी खाली असली तरी आवाज आतल्या आत इकोकडं जातो. तुमचा इको बाहेर जातो, तुमचा आवाज जात नाही. एवढंच."

कमलबाई म्हणाल्या, "म्हंजी बाई कोंडून ठिवायची आन हाक तेवडी गल्लीत सोडायची!"

कुणी हसलं नाही. गाणं चालूच होतं. सुलाबाई उठल्या, स्क्रीनजवळ गेल्या. हिरवी पट्टी त्यांच्या आवाजावर नाचत होती. त्यांनी बोट त्या दांडीपर्यंत नेलं, पण काचेला लावलं नाही.

"ही वर केली तर काय व्हतंय?"

प्रथमेशनं विलासरावांकडं बघितलं.

विलासराव म्हणाले, "ताई, मग एका वेळी दोन बाया गातायत असं वाटेल. लोकांचा गोंधळ होतो."

"पद माजं हाय, मालक."

"पद तुमचंच आहे! कोण नाही म्हणतंय?"

मी खुर्चीतून उठलो आणि म्हटलं, "विलासराव, वर करून एकदा ऐकू तर. ऐकायला काय हरकत आहे?"

"दत्ताभाऊ," विलासराव शांतपणे म्हणाले, "आता मशीन प्रथमेश चालवतो."

गाणं संपलं. हिरवी पट्टी खाली बसली. सुलाबाईंनी परडी उचलली. जिना उतरताना आठही जणींच्या कवड्या वाजत होत्या, त्या खालपर्यंत ऐकू आल्या. धपाट्यांचं फडकं टेबलावरच राहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाणं सोडलं. गायिका म्हणून लातूरच्या मुलीचं नाव आहे. त्याखाली "पद: पारंपरिक" असं लिहिलेलं आहे. सुलाबाईंच्या रांगेची दांडी शून्यावर, इको पूर्ण.

तिसऱ्या माळेला लोहाऱ्यात त्या मुलीचा कार्यक्रम झाला. मागं म्हणायला माकणीच्या आठ बायांना बोलावणं होतं. सात गेल्या.